आजोबांना तारीख कोण सांगणार

सोमवार, ३ मार्च

त्या सकाळी मी चादरी पिळत होते. दूध उतू गेलेलं, शेगडीभोवती जळका वास, आणि हे एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर लंगडी घालत होते. घसा बसलेला, आवाज फुटत नव्हता. आधी हातवारे केले, मला कळेनात, मग जवळ येऊन कुजबुजले – "आज आजोबांना तारीख तू सांग."

"अहो, मला काय येतंय त्यातलं!"

"विजेचं बिल कधी भरायचं, लेकीचा पेपर कधी, माझी गोळी कधी – सगळ्यांना तारखा तूच सांगतेस. आजोबा काय जड आहेत?"

मोजा सापडला चादरीच्या पिळ्यात. ओलाचिंब. तसाच घातला आणि निघाले. दिवसभर एक पाय ओला!

एवढंच. त्या सकाळी दुसरं काही घडलं नाही. मी त्यांच्याबरोबर वाचनालयात गेले, मागच्या खोलीत आजोबांचं बटण दाबलं, तारीख टाकली आणि परत येऊन चादरी वाळत घातल्या. आज का आठवलं ते मला ठाऊक आहे. आज नवा प्रिंटर आला.

आजोबा म्हणजे मागच्या खोलीतला जुनाट संगणक. नाव ह्यांनीच ठेवलेलं. पुढच्या हॉलमध्ये लोकांसाठी चार संगणक आहेत, तेही जुनेच, पण आजोबांपुढे नातवंडं. कुणी काही छापायला दिलं की नातवंडं ते आजोबांकडे पाठवतात आणि आजोबा प्रिंटरकडे. ही सगळी जोडणी ह्यांची. वाचनालयातले नळ, पंखे, दिवे, संगणक – सगळ्यांचे डॉक्टर हेच. हे गेल्यावर छपाईच्या टेबलाशी मला बसवलं. खुर्ची अजून ह्यांच्या मापाची आहे. माझे पाय टेकत नाहीत.

नवा प्रिंटर कपाटाएवढा. चौघांनी उचलून आणला. हॉलमधल्या एकाही संगणकाला तो दिसत नाही.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काकू, हे सगळं नीट लागलं की ते मागचं धूड काढून टाकू. जागा होईल."

मी हो म्हटलं.

मंगळवार, ४ मार्च

"प्रिंटर ऑफलाइन." "प्रिंटर सापडत नाही." "परवानगी नाही." दिवसभर हेच. प्रिंटर समोर उभा, हिरवा दिवा लावून, आणि संगणक म्हणतो सापडत नाही!

दुपारी दुरुस्तीवाले आले. ह्यांच्या ओळखीतले, मला वहिनी म्हणतात, म्हणून मी भाऊजी म्हणते. तोंडात कायम एखादा स्क्रू धरून बोलतात. मला भीती वाटते, एक दिवस गिळतील.

"वहिनी, नवीन साहेबांना जुनी भाषा कळत नाही. आणि तुमच्या नातवंडांना नवीन शिकायची नाही."

"मग?"

"मग दुभाषी लागणार. आजोबांनाच कामाला लावू. नातवंडांशी ते जुन्या भाषेत बोलतील, साहेबांशी नव्या. सध्या तरी दुसरा उपाय दिसत नाही."

मला इतकं बरं वाटलं की त्यांच्यासाठी चहा मी स्वतः करून आणला. दोनदा.

बरं वाटण्याचं कारण इथेच लिहून टाकते, दुसरीकडे कुठे बोलणार. आजोबांच्या हातून कागद गेला की छपाईच्या आधी एक जादा पान बाहेर पडतं. वर मोठ्या अक्षरात पाठवणाऱ्याचं नाव, खाली तारीख. पूर्वी लोकांचे कागद एकमेकांत मिसळायचे, भांडणं व्हायची. म्हणून ह्यांनी प्रत्येक कामाच्या आधी हे पान निघेल असं करून ठेवलं. नाव मात्र एकच छापतं – ह्यांचं. कारण सकाळी चारही नातवंडं आजोबांकडे जायला नाव आणि पासवर्ड विचारतात, आणि हे स्वतःचंच टाकायचे. आता मी टाकते. ह्यांचंच.

उभ्या जन्मात ह्यांना नावाने हाक मारली नाही. 'अहो' म्हटलं की वळायचे. आता रोज चार वेळा ते नाव टाइप करते, एका बोटाने.

पासवर्ड नाही लिहिणार. कागदा, तुलाही नाही सांगणार.

ती जादा पानं लोक टाकून देतात. मी गोळा करते. मागची बाजू कोरी असते. हे सगळं त्यावरच तर लिहितेय.

बुधवार, ५ मार्च

अजून नाही. भाऊजी स्क्रू चावत बसले होते. लोकांना उद्या या म्हणून सांगितलं. एकजण म्हणाला, "उद्या म्हणजे कुठल्या वर्षी?"

गुरुवार, ६ मार्च

आज कळलं.

भाऊजी सकाळपासून आजोबांशी झटत होते. नातवंडं आजोबांना कागद देत होती, आजोबा घेत होते, पण नवा प्रिंटर आजोबांना दारात उभं करत नव्हता. मी पुस्तक घेऊन बाजूला बसले होते. म्हणजे पुस्तक उघडं होतं. नव्या प्रिंटरबरोबर आलेली माहितीपुस्तिका होती ती. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं वाचन इथे झालं – ह्यांचं काम उरकेपर्यंत कपाटांजवळ बसून. हाताला येईल ते वाचत गेले. पण असलं पुस्तक नाही पाहिलं. लिहिणाऱ्याला माणसं आवडत नसावीत.

एकदम भाऊजींनी तोंडातला स्क्रू काढला. म्हणजे महत्त्वाचं काही.

"वहिनी, हे बघा. आजोबांची तारीख."

स्क्रीनच्या कोपऱ्यात. एक जानेवारी, आणि वर्ष इतकं जुनं की तेव्हा आमचं लग्न ठरायचं होतं.

"नवीन साहेब आधी ओळख तपासतात. समोरचा वीस-बावीस वर्षं मागची तारीख सांगतोय म्हटल्यावर कोण दार उघडेल? बॅटरी मेलीय आतली. रात्री मेन स्विच बंद झाला की हे सगळं विसरतात. पण मग इतकी वर्षं चाललं कसं? तारीख कोण घालायचं?"

"हे."

"रोज?"

"रोज सकाळी. बॅटरी बदला म्हटलं की म्हणायचे, बदलू कधीतरी. म्हाताऱ्या माणसाशी रोज चार शब्द बोलावेत."

भाऊजी हसले, मग हसायचे थांबले. "आणि ते गेल्यापासून?"

मी पुस्तिकेचं पान उलटलं.

मला येत नव्हतं असं नाही. त्या ओल्या मोज्याच्या सकाळी मीच टाकली होती की. पण ऑक्टोबरात, पहिल्यांदा ह्या खुर्चीत बसले त्या दिवशी, आजोबांनी तारीख विचारली. पांढरी चौकट, त्यात रेघ लुकलुकतेय, वाट बघतेय. काय सांगायचं होतं मी? हे नसतानाची तारीख? मी चौकट मिटवली. दुसऱ्या दिवशीही मिटवली. जुना प्रिंटर साधा होता, त्याला कशाचं काही नव्हतं. आजोबा आपले रोज त्या एक जानेवारीला उठत होते, रोज संध्याकाळी झोपत होते. मला त्यात काही वाईट वाटलं नाही.

भाऊजींनी आजची तारीख घातली आणि छापून पाहिलं. प्रिंटर गुरगुरला. आधी जादा पान आलं.

ह्यांचं नाव. खाली आजची तारीख.

एकाखाली एक. जणू आज सकाळी येऊन पाठवून गेले.

"झालं बघा!" भाऊजी म्हणाले. हॉलमधून टाळ्या! कुणीतरी "आजोबा की जय" ओरडलं. मी कागद उचलला आणि पुस्तकांच्या कपाटांमागे जाऊन उभी राहिले. ग्रंथपालबाई आल्या, पाहिलं आणि परत वळल्या. चांगल्या आहेत तशा.

त्या पानावर हे लिहिणार होते. नाही लिहिलं. ते तसंच ठेवलंय.

शुक्रवार, ७ मार्च

भाऊजींनी बॅटरी बदलली. चपटी, नाण्याएवढी. जुनी माझ्या हातावर ठेवली – "घ्या, आठवण." सुयांच्या डबीत टाकलीय.

आता आजोबांना रोज कुणी काही सांगायची गरज नाही. त्यांचं त्यांना कळतं.

रविवार, ९ मार्च

सकाळी घर पुसलं. ह्यांचा रेडिओ पुसला, लावला नाही. लेकीचा फोन.

"आई, परवा दोनदा केला, उचलला नाहीस."

"कामावर होते."

"काम म्हणजे ते डबडं ना? माझ्यापेक्षा त्याचीच विचारपूस जास्त करतेस."

"ते जवळ आहे. तू लांब आहेस."

मला बोलायचं नव्हतं तसं. मग म्हणाली, "मी बाबांच्या नंबरवर अजून मेसेज टाकते कधीकधी. तुला सांगितलं नव्हतं."

"काय टाकतेस?"

"काही नाही गं. पोचले. जेवले. असलंच."

कुणी रडलं नाही. तिच्या मागे नळ वाहत होता. म्हटलं, "नळ बंद कर." म्हणाली, "हो."

मंगळवार, ११ मार्च

शब्दकोडीवाले निवृत्त गृहस्थ आले. रोज एक कोडं छापून नेतात, पेनाने सोडवतात, चुकलं की नवीन छापायला परत येतात. आज जादा पान हातात धरून म्हणाले, "बाई, हे महाशय कोण? माझ्या प्रत्येक कोड्याआधी हजर! माझी बायकोसुद्धा एवढी मागे लागत नाही."

सगळे हसले. मीही हसले असेन.

"इथे कामाला होते," मी म्हटलं.

"मग सोडून गेले तर नाव काढा की त्यांचं. कागद फुकट जातोय."

"काढते."

त्यांना माहीत नव्हतं. नवीनच यायला लागलेत. मग कुणीतरी कानात सांगितलं असणार, कारण जाताना टेबलाजवळ घुटमळले. "आडवे सात, चार अक्षरी, 'सोबत'?" असं विचारलं. मी म्हटलं, "सहवास." "बसतंय, बसतंय," म्हणाले आणि लिहून घेतलं. पेन चालत नव्हतं तरी लिहिण्याचं नाटक केलं.

पण ग्रंथपालबाईंनी ऐकलं होतंच. "काकू, त्यांचं खरं आहे. प्रत्येक कामाला एक पान जादा. तुमच्या भाऊजींना विचारून ते बंद करून घ्या."

भाऊजींनी दाखवलं. आजोबांमध्ये एक जागा आहे, तिथे चौकोनात बरोबरची खूण. ती काढली की संपलं.

"काढू?"

"मी काढते उद्या."

"तुमच्या नावाचं खातंही उघडून घ्या वहिनी. गेलेल्या माणसाच्या नावावर किती दिवस... म्हणजे, नियमाला धरून नाही ते."

"उद्या," मी म्हटलं.

बुधवार, १२ मार्च

खूण काढली नाही. माउसचा बाण त्या चौकोनावर नेला होता.

गुरुवार, १३ मार्च

भाऊजी आज भलतेच खुशीत. नातवंडांना थेट नव्या प्रिंटरशी बोलायला शिकवायचा मार्ग सापडला! म्हणे कुणीतरी एक सर्वसाधारण ड्रायव्हर करून ठेवलाय, जुन्या संगणकांनाही चालतो. ड्रायव्हर म्हणजे संगणकाने प्रिंटरशी कसं बोलायचं त्याची शिकवणी. फक्त प्रिंटरचा पत्ता पक्का करावा लागतो. नाहीतर वीज गेली की त्याचा नंबर बदलतो आणि नातवंडं जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावत बसतात. तो त्यांनी पक्का करून टाकला.

पहिल्या दोन संगणकांवर स्वतः केलं. मला शेजारी बसवून एकेक पायरी दाखवली. मी लिहून घेतली.

"तिसरा, चौथा तुम्ही करा. मला दुसरीकडे बोलावलंय. अवघड काही नाही."

"झालं की आजोबांचं काय?"

"सुटले बिचारे! पंखा ऐकलात ना? दम्याच्या पेशंटसारखा चाललाय. एक दिवस सगळ्यांचं काम अडवून बसेल. त्याआधी सोडवा त्याला."

पहिल्या संगणकावरून एक पान छापून पाहिलं. सरळ पान आलं. आधी काही नाही, नंतर काही नाही. मी ट्रेमध्ये हात घालून पाहिलं, आत अडकलंय का.

शुक्रवार, १४ मार्च

ग्रंथपालबाईंनी विचारलं, झाले का दोन्ही. मी म्हटलं, "ऐकत नाहीत अजून. बघतेय."

मी हातही लावला नव्हता.

शनिवार, १५ मार्च

आता दिवसाला चार-पाचच जादा पानं. तिसऱ्या-चौथ्या संगणकावर कुणी बसलं तर. मी लोकांना तिकडेच बसवते. "इथे उजेड चांगला आहे," म्हणते. उजेड दोन्हीकडे सारखाच आहे.

आजोबांचा पंखा खरंच घरघरतो. मधेच थांबतो, आणि मीही थांबते, मग परत सुरू होतो. असं मी आधीही ऐकलंय. उशाला बसून.

मंगळवार, १८ मार्च

हे लिहावंच लागेल.

साडेतीनला शिवणवाली आली. कोपऱ्यावर बसते, दुकानाच्या पायरीवर, मशीन ऊन-वाऱ्यात. मालक रोज उठवतो तिला. माझ्या सगळ्या पोलक्यांना तिचीच शिलाई. हे गेल्यावर ह्यांचे सदरे आखूड करून मला घालण्याजोगे तिनेच करून दिले, काही न विचारता. आज धावतच आली. नव्या बाजारात गाळे देतायत, पक्कं छप्पर, आणि अर्ज द्यायचा आजचा शेवटचा दिवस. पाचला खिडकी बंद.

"काकू, छापून द्या हो. मला त्यातलं काही कळत नाही. फक्त पाचच्या आत."

"अगं बस. वेळ आहे."

पहिला संगणक मोकळा होता. तरी मी तिला तिसऱ्यावर बसवलं.

का, ते मला माहीत आहे. दिवसभरात एकही जादा पान निघालं नव्हतं. आणि इतक्या जणांत तीच एक होती जिचा कागद ह्यांच्या हातून जावा असं वाटलं. ह्यांनी पण तिला नाही म्हटलं नसतं.

तिने एकेक अक्षर शोधून अर्ज भरला. मधे मधे विचारत होती – "काकू, अनुभव किती लिहू? जन्मभर लिहू?" फोटो चढवताना म्हणाली, "शी, कैद्यासारखी दिसतेय. बघतील आणि गाळा नाही, कोठडी देतील." आम्ही हसलो. छापायचं बटण दाबलं तेव्हा साडेचार झाले होते. भरपूर वेळ.

काही आलं नाही.

मी मागच्या खोलीत गेले. आजोबांचा पंखा थांबला होता. स्क्रीन गोठलेली, त्यावर तिच्या अर्जाची ओळ – 'छपाई चालू.' रद्द केलं तर 'रद्द होत आहे.' तसंच राहिलं. बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, मग कण्हल्यासारखा आवाज. परत बंद. पाठीवरून हात फिरवला – हो, फिरवला! – आणि परत चालू केलं. डबा तव्यासारखा तापलेला.

"काकू?" दारातून. "होईल ना?"

तेव्हा भाऊजींच्या पायऱ्या आठवल्या. लिहून घेतलेला कागद काढला. तिसऱ्या संगणकावर बसले, पहिली पायरी, दुसरी पायरी. पत्त्याचा आकडा दोनदा चुकला. शिवणवाली शेजारी उभी. एकदाही घाई कर म्हणाली नाही. फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती.

अर्ज बाहेर आला. स्वच्छ. सरळ. तिने ओढून घेतला आणि पळत सुटली. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी मान वर करून पाहिलं नाही.

सहाच्या सुमारास पिशवी न्यायला परत आली. खुर्चीला अडकवून विसरली होती.

"खिडकी बंद झाली होती," म्हणाली. "आतला माणूस दिसत होता. काचेवर टकटक केलं तर हाताने जा म्हणाला."

मी पिशवी खुर्चीवरून काढून तिच्या हातात दिली.

"असू दे हो काकू. तुम्ही किती धडपडलात! म्हातारं मशीन, त्याचा काय दोष." आणि माझ्या खांद्याला हात लावला. "तुम्ही जेवा नीट. पोलकं ढिलं झालंय तुम्हाला, बघतेय मी. आणून द्या, आत घेते."

ती मला धीर देत होती.

म्हाताऱ्याचा दोष नव्हताच. मार्ग करून ठेवलेला होता. पहिला संगणक मोकळा होता. मी एका बाईचं छप्पर अडवलं – कशासाठी, तर एका कागदावर ह्यांचं नाव उमटावं म्हणून. जे पासवर्डासकट मीच टाइप केलं होतं. हे पाठवत नव्हते. मीच पाठवत होते, मीच घेत होते.

हे असते तर काय म्हणाले असते? रागावले नसते. खुर्ची ओढून बसले असते आणि म्हणाले असते, चल, आधी तिचं काम बघू.

लेकीला फोन केला. म्हटलं, "काही नाही गं, पोचले. जेवले."

ती एकदम रडायलाच लागली.

गुरुवार, २० मार्च

काल लवकर गेले. आजोबांना उठवलं. उठले. तारीख सांगितली. त्यांना माहीत होती.

चौथा संगणक थेट जोडला. मग माझ्या नावाचं खातं उघडलं आणि आजोबांच्या हातून एक पान पाठवलं. एकच. खूण काढली. बंद केलं, मागच्या सगळ्या वायरी सोडवल्या, गुंडाळून वर ठेवल्या.

ग्रंथपालबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वाचनालयाच्या कागदावर लिहून दिलं – उशीर आमच्याकडून झाला, अर्जदाराची चूक नाही. खाली सही माझीही घेतली.

दहाला खिडकी उघडली. शिवणवाली आणि मी दोघीच रांगेत होतो. त्या माणसाने दोन्ही कागद वाचले, 'ठेवून जा, साहेबांना विचारतो' म्हणाला. ठेवून आलो.

तिथून परत येऊन कामाला बसले. पायाखाली भाऊजींनी आणलेलं खोकं घेतलंय. पाय टेकतात.

हे पान उलटं केलं तर पुढे माझं नाव आहे.